होमस्टेच्या साइटवर ‘नॉट फाउंड’ येतंय, त्या पानावर काय ठेवावं?

तारकर्ली_निवास
होमस्टेची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली) नेली, त्यात खोल्यांच्या पानांचे पत्ते बदलले. जुन्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतायत. त्या उघडल्या की पांढऱ्या पानावर ‘नॉट फाउंड’ एवढंच दिसतं. चुकलेले सगळे पत्ते मुखपृष्ठावर वळवले तर चालेल का? की वेगळं पान करावं? त्यावर मालवणीत लिहिलं तर? शेअर्ड होस्टिंग आहे (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट), सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे.

रत्नागिरी_वेब
सरसकट मुखपृष्ठावर वळवू नका. पाहुण्याला समुद्राकडची खोली बघायची असते आणि समोर येतं मुखपृष्ठ. लिंक जुनी आहे हे त्याला कळतच नाही. ४०४ हा सर्व्हरचा ‘पान सापडलं नाही’ सांगणारा कोड. गूगलही असं वळवणं बऱ्याचदा ‘सॉफ्ट ४०४’ धरतं, म्हणजे कोड ४०४ नसला तरी पान नाहीच असं समजतं.

आधी सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) ४०४ येणाऱ्या पत्त्यांची यादी काढा. ज्या खोलीचं नवं पान आहे तिचा जुना पत्ता ३०१ने (‘पान कायमचं हललं’ सांगून वळवणारा कोड) थेट त्याच पानावर न्या. ‘रीडायरेक्शन’ नावाच्या प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) हे होतं, आणि लोक कुठले चुकीचे पत्ते उघडतायत त्याची नोंदही राहते. कायमची बंद केलेली खोली असेल तर ४१०, म्हणजे ‘पान कायमचं काढलं’. उरलेल्यांना खरं ४०४ जाऊ द्या.

मजकूर असा ठेवा: “हे पान सापडलं नाही. आमच्या खोल्यांचे पत्ते बदलले आहेत. खोल्या आणि दर इथे पाहा. तारखा विचारायच्या असतील तर फोन करा.” नंबर दाबला की फोन लागला पाहिजे, नुसता चित्रात छापलेला नको. ‘तुम्ही चुकीचा पत्ता टाकला’ असं लिहू नका, लिंक आपण बदलली आहे. खोल्या, कसं यायचं, संपर्क या तीन लिंका पुरेत. एवढ्याशा साइटला शोधपेटी लागत नाही. मालवणी मथळ्यात जरूर घ्या, ‘ह्या पान गावला नाय’ गोडच वाटेल. पण पुढे काय करायचं ते साध्या मराठीत हवं, पुण्या-नागपूरचे पाहुणे अडायला नकोत.

कणकवली_सर्व्हर
वरचं सगळं बरोबर, तांत्रिक बाजू जोडतो. वर्डप्रेसमध्ये हे पान सहसा थीमच्या (साइटचं रूप ठरवणारा साचा) ‘४०४.पीएचपी’ फाइलमधून येतं. बदल चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर आधारलेली आपली वेगळी थीम) करा, नाहीतर थीम अपडेट झाली की पुसला जाईल. वर्डप्रेसबाहेरच्या फाइलींसाठी एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचेच्या सूचनांची फाइल) ‘एररडॉक्युमेंट’ची, म्हणजे चूक झाली तर कुठलं पान दाखवायचं ते सांगणारी ओळ टाकताना पुढे तिरप्या रेघेपासूनचा मार्ग द्या. एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता दिलात तर अपाचे ब्राउझरला तिकडे पाठवतं, म्हणजे ३०२ (तात्पुरतं वळवण्याचा कोड) जातो आणि ४०४ कोड हरवतो. सीएसएस (पानाची सजावट ठरवणारी फाइल) आणि लोगोचे मार्गही तिरप्या रेघेपासूनच द्या. नाहीतर दोन फोल्डर आतला पत्ता चुकला की पान उघडंबोडकं दिसतं.

डेटाबेस (साइटचा मजकूर साठवणारा भाग) बंद पडला तर ४०४चं पान कामाचं नाही. त्यासाठी डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये ‘डीबी-एरर.पीएचपी’ ठेवा: सीएसएस आतच, फोन नंबर ठळक. त्यात ५०३ (‘सेवा सध्या बंद’) कोड स्वतः लिहावा लागतो. विसरलात तर बिघडलेलं पान २०० (‘सगळं ठीक’) कोडने जातं आणि शोधयंत्र ते खरं समजतं. दोन्ही पानं हलकी ठेवा. पावसात मोबाइलचं नेटवर्क रडतं, तिथे डॉल्फिनचा व्हिडिओ कोण उघडणार?

तपासायला मुद्दाम खोटा पत्ता टाका आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब बघा. पहिल्या ओळीत ४०४ दिसलंच पाहिजे.

देवगड_पेटी
हंगामापुरती बंद असलेली पानं यात ओढू नका. हापूसची पेटी जूनमध्ये मिळत नाही म्हणून तिचं पान काढलं तर पुढच्या एप्रिलला गूगलमध्ये ओळख पुन्हा करून द्यावी लागते. पान तसंच ठेवून वर ‘हंगाम संपला’ लिहा आणि पुढच्या मागणीसाठी नंबर घ्या. पावसाळ्यात बंद असणाऱ्या स्कूबाच्या पानालाही हेच.

तारकर्ली_निवास
छान समजलं, धन्यवाद. एक अडलंय: ‘खोली-१’ची जुनी लिंक ४०४ न देता ‘खोली-१०’ उघडते. मी तर ती वळवलेली नाही.

कणकवली_सर्व्हर
ते वर्डप्रेस स्वतः करतं. नेमका पत्ता नसेल तर त्याच अक्षरांनी सुरू होणारं पान शोधून तिकडे पाठवतं. ‘खोली-१’साठी ३०१ची नोंद केलीत की ती आधी लागू होईल. असं अंदाजाने पान ताडणंच बंद करायचं असेल तर वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीपासून त्यासाठी फिल्टर (वर्डप्रेसचं वागणं बदलणारी कोडची सोय) आहे, चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये एका ओळीचं काम. नंतर कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करून खाजगी विंडोत तपासा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो.