मारवेल गवत पेरून महिना झाला, एक काडी वर नाही. मदत हवी आहे

मुरमाड_रान
२० जूनला अर्धा एकर मारवेल पेरलं. आज महिना होत आला. रानात जे हिरवं दिसतंय ते सगळं तण, लव्हाळा आणि केना. दोन म्हशी, एक गाय आहे, गेल्या उन्हाळ्यात कडबा विकत घेऊन कंबरडं मोडलं म्हणून हा खटाटोप. पुन्हा पेरू का मोडून मका टाकू? लवकर सांगा, वाफसा (पेरणीजोगी ओल) जातोय.

केना_कुर्डू
गाव कुठलं? पाऊस किती झाला? बी कुठून आणलं? रान कसलं? यातलं काहीच लिहिलं नाही आणि वर लवकर सांगा.

मुरमाड_रान
रान कसलं ते नावातच आहे की. सिन्नर, पूर्वेकडची बाजू. पाऊस बरा आहे. बी घरचंच.

नेपियर_नाना
मारवेलच्या नादी कशाला लागता? नेपियरच्या (हत्ती गवताच्या) कांड्या लावा, अडीच महिन्यांत डोक्याच्या वर जातो. माझ्याकडे बेणं आहे, सांगा किती हवं.

केना_कुर्डू
नाना, प्रत्येक धाग्यावर बेणं. त्या नेपियरला उन्हाळ्यात पाणी कोण पाजणार?

नेपियर_नाना
ठिबक करायचं. विहीर असेलच ना.

मुरमाड_रान
फेब्रुवारीत तळ दिसतो.

नेपियर_नाना
मग हे आधी सांगायचं.

गच्चीतली_बाग
गवताचा धागा आहे म्हणून इथेच विचारते. कुंडीतल्या दूर्वा पिवळ्या पडताहेत, गणपती तोंडावर आलेत. काय घालू?

कुरणवेडा
मुरमाड, 'घरचंच' म्हणजे नेमकं काय? बांधावरचं ओरबाडलं का? कधी? आणि ते मारवेलच आहे याची खात्री? एक काडी हातात घेऊन पेराकडे बघा. मारवेलच्या पेराभोवती पांढऱ्या लवीची कडी असते, डोळ्यांना दिसते. दुसरं, गोणीत बी उरलं असेल तर दहा बिया एकेक करून नखात दाबा. टणक लागलं तर दाणा. नुसतं चुरमडलं तर फोल.

युरिया_एक_पोतं
युरिया फेका, आठ दिवसांत हिरवंगार.

केना_कुर्डू
कशाला फेकायचा? लव्हाळ्याला?

मुरमाड_रान
पेराला कडी आहे. आईने मार्गशीर्षात बांधावरच्या ओंब्या ओढून गोणी भरून माळ्यावर ठेवली होती. दहातले चार भरले, बाकी पोकळ.

कुरणवेडा
चार म्हणजे गवताच्या मानाने वाईट नाही. पेरलं कसं?

मुरमाड_रान
कसं म्हणजे? पाभरीने. ज्वारी पेरतो तसंच.

कुरणवेडा
घ्या. महिनाभर हेच लपवून ठेवलंत. पाभर बी दोन-अडीच इंच खाली नेते. दाणा किती बारीक आहे ते आत्ताच नखात बघितलंत ना? तेवढ्या खोलीतून त्याला वर यायला दमच नाही. मारवेल मातीवर फोकायचं आणि काटेरी फांदी फिरवायची. अर्ध्या इंचाच्या आत राहिलं पाहिजे. शिवाय कुसळाचं बी चाड्यातून (पाभरीच्या नरसाळ्यातून) सरळ उतरतच नाही, बोळा होतो.

मुरमाड_रान
हो, नळा दोनदा तुंबला होता. आई काडीने मोकळा करत होती आणि म्हणत होती, हे पाभरीचं काम नाही. मी ऐकलं नाही.

जुनं_बी
खोलीचं बरोबर आहे, पण गवताचं ताजं बी झोपलेलं असतं. सात महिन्यांचं बी थोडंच उगवणार. उरलेली गोणी कोरड्यात ठेवा, पुढच्या जूनला वापरा. आम्ही शेण-मातीच्या गोळ्या करून टाकतो, मुंग्यांच्या तावडीतून बी वाचतं.

केना_कुर्डू
गोळ्या वनीकरणाच्या फोटोत छान दिसतात. अर्ध्या एकराच्या गोळ्या वळणार कोण?

जुनं_बी
आमच्या घरात वळतात. तुमच्याकडे नुसते प्रश्न वळतात.

सावली_हवी
खरं तर माळ मोकळा ठेवण्यापेक्षा कडुलिंब, करंज लावा. पुढच्या पिढीला सावली मिळेल.

कुरणवेडा
मारवेल उघड्या रानाचं गवत. आणि माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे हो. सोलापुरात नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी गवतासाठीच राहत होता, झाडासाठी नाही. असो, तो वेगळा धागा होईल.

मुरमाड, आता बी विसरा. ज्या बांधावरून आईने ओंब्या आणल्या तिथेच तुमचं बेणं उभं आहे. पाऊस चालू असताना जुने गड्डे खणा, पण निम्मे जागेवर राहू द्या, बांध उघडा पडू नये. एका ठोंबाला दोन-तीन फुटवे राहतील असे फोडा. शेंडा वीतभर ठेवून छाटा, मुळं बोटभर ठेवा. दोन फुटांवर ओळ, ओळीत एक फूट. लावून पायाने दाबा. आधी लव्हाळा खुरप्याने गाठीसकट काढा, नाहीतर तो जिंकेल. मारवेलला थोडी खोल, काळसर माती मानवते, त्यामुळे खालच्या अंगाला हे लावा. वरच्या उघड्या मुरमावर पवन्या किंवा अंजन गवत बघा. यंदा जनावर आत सोडायचं नाही, फुलोऱ्यावर आलं की चार बोटं ठेवून विळ्याने कापायचं.

मुरमाड_रान
म्हणजे यंदाच्या उन्हाळ्याला काही नाही?

केना_कुर्डू
थोडं मिळेल. म्हणून मोडायचाच तर वरचा तुकडा मोडून मका टाका, खालच्या अंगाला ठोंब लावा.

मुरमाड_रान
पाच दिवसांनी सांगतोय. अकरा ओळी झाल्या, ठोंब संपले. पाऊस पडून गेला, सगळे उभे आहेत, दोन-तीन सोडून. वर मका टाकला. आई हसत नाही, पण दोन वेळा रानात जाऊन आली. आता एक सांगा, शेजाऱ्याच्या शेळ्या रोज बांधावरून येतात. कुंपणाला पैसे नाहीत.

नेपियर_नाना
कडेने नेपियरची ओळ लावा, शेळ्या तिथेच थांबतील.

गच्चीतली_बाग
माझ्या दूर्वांचं कोणी सांगणार आहे का?