मदत हवी आहे: डिकन्सच्या प्रकाशकांची बाजू कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार मंडळी. चार्ल्स डिकन्सचा त्याच्या प्रकाशकांशी झालेला पत्रव्यवहार आणि पैशाचे व्यवहार यांवर एक दीर्घ लेख लिहितो आहे. एका जागी गाडं अडलंय.

१८३६ मध्ये त्याची 'पिकविक' ही कादंबरी दरमहा हप्त्यांनी सुरू झाली तेव्हा चॅपमन आणि हॉल हे प्रकाशक त्याला महिन्याला साधारण १४ पौंड द्यायचे. त्याच वर्षी त्याने रिचर्ड बेंटली या दुसऱ्या प्रकाशकाशी करार केला आणि नाव झाल्यावर तोच करार त्याला टोचू लागला. बेंटलीला तो (त्याच्या कचेरीच्या रस्त्यावरून) 'बर्लिंग्टन स्ट्रीटचा दरोडेखोर' म्हणायचा! शेवटी १८४० मध्ये 'ऑलिव्हर ट्विस्ट'चे हक्क, छपाईच्या चित्रांच्या प्लेट्स आणि उरलेल्या प्रती मिळून २,२५० पौंड मोजून त्याने सुटका करून घेतली. मला मात्र बेंटली अगदीच खलनायक वाटत नाही. नवख्या लेखकावर पैसे लावणारा माणूस होता तो.

अडचण अशी, की १८६० च्या सप्टेंबरमध्ये डिकन्सने स्वतःला आलेली वर्षानुवर्षांची पत्रं गॅड्स हिलच्या घरामागे जाळून टाकली. मुलांनी त्या राखेत कांदे भाजले म्हणे. वाचताना जीव हळहळला. त्यामुळे त्याने लिहिलेली हजारो पत्रं बारा खंडांत छापलेली मिळतात, पण त्याला आलेली उत्तरं जवळजवळ नाहीतच.

प्रकाशकांच्या हिशेबवह्या, करारपत्रं किंवा त्यांवरचा अभ्यास कुणी पाहिलाय का? सुरुवात कुठून करू? एखादं नाव सुचवलंत तरी फार मदत होईल.