मदत हवी आहे: आई झाले, पण 'मी' कुठे गेले?

मुलगी सात महिन्यांची आहे. 26 आठवड्यांची रजा संपवून कामावर रुजू झालेय. परवा लसीकरणाला गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मम्मी, इथे सही करा." पेन हातात घेऊन क्षणभर थांबलेच. (नवऱ्याला मात्र 'सर'च हं!) डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1973 मध्ये आई होण्याच्या या स्थित्यंतराला 'मॅट्रेसन्स' असा शब्द दिला, वयात येतानासारखीच ही उलथापालथ, असं वाचलंय. झोप, भूक ठीक आहे, रडूही येत नाही. फक्त आरशातली बाई ओळखीची वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? किती दिवस टिकलं? समुपदेशकाकडे जावं की थांबावं? "सगळ्याच बायकांचं होतं गं" हे सासूबाईंनी सांगून झालंय, ते सोडून सांगा.