लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या डोक्यावर बजरी: व्हिडिओ गोड आहे, पण घरी असं करू नका

पत्र्यावरचा पारवा (लातूर)
काल शेरूच्या बाबांनी इथं व्हिडिओ टाकला. त्यांच्या लॅबच्या, म्हणजे शेरूच्या, डोक्यावर बजरी (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट) बसलीय आणि खाली लिहिलंय, "महिनाभर सवय लावा, मग पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून खुशाल बाहेर जा. संस्कार नीट असले की कुत्रं काही करत नाही." खाली बदामांचा पाऊस. मला काही झोप लागली नाही, म्हणून लिहायलोय.

आमचा मोतीही लॅबच. चार वर्षं बजऱ्यांच्या पिंजऱ्याखाली झोपला. वरून सांडलेलं राळं चाटायचा, बस. मागच्या मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली, कूलर बंद. बायकोनं पिंजरा मधल्या खोलीत आणला आणि पाणी बदलायला दार उघडलं. निळी मादी निसटली, भिंतीला थडकून फरशीवर फडफडली. मोतीनं तोंडात धरली. "सोड" म्हटल्याबरोबर सोडलीसुद्धा. रक्त नाही, पीस तुटलेलं नाही, डाव्या पंखाखाली नुसती ओल. आम्ही हसलो आणि मोतीला शाबासकीचं बिस्कीट दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून, डोळे मिटून. डॉक्टरांनी फुंकर मारून पिसं बाजूला केली तर टाचणीच्या टोकाएवढं भोक. म्हणाले, कालच आणायचं होतं. लाळेतले जंतू रक्तात गेले की एवढ्याशा जिवाला वेळ मिळत नाही. संध्याकाळी गेली.

मोतीचे संस्कार उत्तमच होते हो. 30 किलोचं जनावर आणि 35 ग्रॅमचं पाखरू, त्यात संस्कार काय करणार?

शेरूचा बाबा
दादा, वाईट वाटलं. पण पिंजरा कुत्र्यासमोर उघडला तुम्ही आणि खुनी ठरला माझा शेरू? दोन वर्षं झाली, एक पीस हललं नाही. आणि ते लाळेचं मांजराचं असतं, कुत्र्याचं नाही.

पारवा
मांजराची लाळ जास्त घातक, मान्य. म्हणून कुत्र्याची गंगाजल होत नाही.

कारवानवाला (उदगीर)
लॅबवाल्यांनो, जरा आमच्याकडं या. आमच्यात कारवानी हाय, नजरेनं शिकार करणारं कुत्रं. पाखरू फडफडलं की मान ताठ, शेपूट थांबली, डोळा हलत नाही. त्यावेळी मालक कोण अन् संस्कार काय! पाहुणे म्हणतात, "बघा कसं प्रेमानं बघायलंय." प्रेम नाही राव, अंतर मोजायलंय ते.

जालन्याची काकू
आधी एक सांगा, दुकानदार बजरीला लव्हबर्ड म्हणून का विकतात? लव्हबर्ड आफ्रिकेचे, बजरी ऑस्ट्रेलियाची. दोन्ही एकाच पिंजऱ्यात ठेवले तर लव्हबर्ड बजरीचे पाय चावतात. त्याला कुत्रं कशाला लागतंय! बाकी आमच्या आजीचा राघू वाड्यात मोकळा हिंडायचा, दारात तीन कुत्री. राघूच त्यांना चोचीनं हाकलायचा.

सातबारा
काकू, तो राघू पाळणं गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव कायदा. देशी पोपट, मैना, मुनिया, काहीच पाळता येत नाही. बाहेरच्या देशातल्या बजरी न् कॉकॅटिल पोपटाची गोष्ट वेगळी.

जालन्याची काकू
आजी वारली, राघूही गेला. आता कुणाला धरून नेताय?

गोफणवाला (परभणी)
थांबा. पोपट पाळला की गुन्हा, आणि माझ्या ज्वारीत थवा उतरतो तेव्हा कायदा कुठं झोपतो? हुरड्यात आली की पहाटे पाचपासून पोरगं माळ्यावर, डबडं वाजवत. खातो कमी, कणसं तोडून खाली टाकतो जास्त. वरून रानडुकरं आहेतच. तुम्ही एसीत बसून बजरीसाठी रडा.

सातबारा
नुकसान खरं आहे, पण पिल्लं ढोलीतून काढून विकणाऱ्यांना त्यानं मोकळीक मिळत नाही.

गोफणवाला
मी विकतो म्हणालो का? एकदा या शेतात, गोफण हातात देतो, मग कायदा सांगा.

सातबारा
येतो की. हुरडा खायला घालणार असाल तर.

गोफणवाला
उरला तर.

मधली ताई (नांदेड)
अहो, मूळ विषय कुत्र्याचा होता! आमच्याकडं दोन्ही आहेत, सहा वर्षं. पिंजरा स्टँडवर नाही, छताच्या हुकाला. स्टँड कुत्र्यानं नुसतं अंग घासलं तरी आडवं होतं. दाराच्या कडीला कपड्याचा चिमटा, कारण बजरी चोचीनं दार वर उचलते. पाखरं मोकळी असली की कुत्रं गच्चीवर आणि मधलं दार बंद. पिंजऱ्याखालचा कागद रोज काढते, नाहीतर कुत्रं विष्ठा खातं. आणि कुत्र्यानं एकदा जरी तोंडात धरलं तरी जखम शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. पक्षी आजार लपवतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

शेरूचा बाबा
म्हणजे सहा वर्षं सोबत राहतात ना? मी तेच म्हणत होतो.

मधली ताई
सोबत नाही, शेजारी. मध्ये दार आहे.

शेरूचा बाबा
ठीक आहे. "खुशाल बाहेर जा" हे वाक्य काढलं पोस्टमधून. व्हिडिओ राहणार. आणि पारवादादा, मोतीला कुणी रागावलं नाही ना?

पारवा
नाही. पण पिंजरा रिकामा झाला तरी तो अजून त्याच्याच खाली झोपतो. राळ्याची वाट बघत असेल, दुसरं काय.

कारवानवाला
ताई, तो छताचा हुक पत्र्याच्या घरात कसा बसवायचा तेवढं सांगा.