दहावीला एक नाव, आधारला दुसरं: बँकेच्या फॉर्मात कुठलं टाकू?

शेवगावची_लेक
सरकारी बँकांच्या भरतीचा आयबीपीएस क्लार्कचा फॉर्म भरायला घेतलाय. दहावी ते बीकॉम सगळीकडे माहेरचं नाव. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने करून घेतलं, पॅन अजून जुनंच आहे. कुठलं नाव टाकू? कॅटेगरी ओबीसी (माळी). प्रांताचा जातीचा दाखला आणि राज्याचं नॉन-क्रिमीलेयर (सधन गटात नसल्याचं) दोन्ही आहेत, चालतील ना? मिस्टर म्हणतात, फॉर्म काय कुणीही भरेल, तू अभ्यास कर.

स्टँडसमोरचा_फॉर्मवाला
ताई, कुणीही भरतं म्हणूनच माझं दुकान चालतं!

नाव मार्कशीटवरचंच, स्पेलिंगसकट. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि फॉर्मात पहिलं, मधलं, शेवटचं असे वेगळे रकाने. समोर मार्कशीट ठेवून लोक आहे त्या क्रमाने उतरवतात आणि पहिल्या रकान्यात आडनाव जाऊन बसतं. तेवढं बघा.

परीक्षेच्या दारात कॉल लेटर आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. पॅन जुन्या नावाचं आहे हे बरंच झालं. निकाल लागेपर्यंत ते बदलायच्या भानगडीत पडू नका, तेच मूळ पॅन न्या. आधार न्यायचं म्हणाल तर सोबत विवाह नोंदणीचा मूळ दाखला हवा. रेशनकार्ड आणि लर्निंग लायसन्स ओळखपत्र म्हणून धरत नाहीत.

आता दाखला. राज्याचं नॉन-क्रिमीलेयर इथे उपयोगाचं नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा निघतो, त्यातच नॉन-क्रिमीलेयरचा मजकूर असतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला लागतो. लग्न झालं तरी कागद वडिलांचे लावायचे, मिस्टरांच्या पगाराचा इथे संबंध नाही.

अपलोडचं सांगतो, कारण अर्धी गिऱ्हाइकं तिथेच अडकतात. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २०, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५०, हाताने लिहिलेलं डिक्लरेशन ५० ते १००. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने. कॅपिटल अक्षरांतली सही आणि कॅपिटलमधलं डिक्लरेशन, दोन्ही बाद. डिक्लरेशन इंग्रजीतच आणि स्वतःच्या हातचं. परवा एकाने बहिणीचं अक्षर सुंदर म्हणून तिच्याकडून लिहून आणलं होतं. परत पाठवला.

गावाकडचा_गडी
एवढं कोण बघतं राव? मी एसटीत बसून मोबाईलवर भरला, पैसे भरले, विषय संपला.

कॅशकाउंटर_तीन
भरताना कोणी बघत नाही, हे खरंय. बघतात ते निवड झाल्यावर. आमच्या बँकेत कागद तपासायच्या टेबलावर मी असते. पोरं मेरिटमध्ये आलेली असतात, घरी पेढे वाटून झालेले असतात, आणि फाइलमधून एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला निघतो. फॉर्मात टिक ओबीसीवर. अरे, एसईबीसी हे राज्याचं आरक्षण, केंद्राच्या यादीत ते नाही. अशांनी ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल गटात) बसत असतील तर त्याचा दाखला काढायचा, नाहीतर ओपनमधून भरायचं. कुणबी नोंद असेल तर गोष्ट वेगळी, कुणबी ओबीसीत येतात. त्या टेबलावर आम्हाला वाईट वाटून उपयोग नसतो.

टक्केवारीही वर ओढू नका. ५९.९९ म्हणजे ६० नाही, असं पीओच्या (बँक अधिकाऱ्याच्या) जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

शेवगावची_लेक
बापरे. फॉर्म निम्मा झालाय, केंद्राचा दाखला अजून हातात नाही. थांबू का? आणि लग्नानंतर मी सही पण नव्या आडनावाने करते.

स्टँडसमोरचा_फॉर्मवाला
थांबू नका. दाखला मूळ कागद तपासताना मागतात, म्हणून अर्ज आजच टाका. सेतूत 'केंद्रासाठी' असं तोंडाने सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच काढून देतील. सही कुठलीही चालेल, पण फॉर्म, कॉल लेटर आणि हजेरीपटावर तीच. पीडीएफ मेलवर ठेवा, फी आणि फायनल सबमिट शेवटच्या तारखेवर ढकलू नका. आणि सरकारी ऑफिसं शनिवारी बंद, त्यामुळे शुक्रवारच्या आत तहसील गाठा.