लेकीसाठी मांजरीचं पिल्लू येतंय, काय तयारी करू?

प्रश्न (ऐरोली): मुलगी 6 वर्षांची, पिल्लू 8 आठवड्यांचं. ती आनंदाने नुसती नाचतेय, दिवसभर कडेवर घेऊन फिरणार म्हणते! घर सातव्या मजल्यावर. दूध किती द्यायचं?

उत्तर 1: गाई-म्हशीचं दूध नकोच. त्यातलं लॅक्टोज पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं. किटन फूड (मांजरीच्या पिल्लांचं तयार खाणं) दिवसातून 4 वेळा, कोमट पाण्यात भिजवून. लिटर ट्रे (पिल्लाच्या शी-शूचा ट्रे) खाण्यापासून लांब ठेवा, नाहीतर पिल्लू तो टाळतं.

उत्तर 2: आधी जाळी! ग्रिलच्या गजांमधून पिल्लू सहज निसटतं. कबुतरांसाठीची पातळ नायलॉन जाळी ते कुरतडतं, तारेची बसवा. घरात लिलीची फुलं अजिबात नकोत, पिल्लाने चघळली तर त्याचं मूत्रपिंड निकामी होतं.

उत्तर 3: लेकीला जमिनीवर मांडी घालून बसवा, पिल्लाला आपणहून येऊ द्या. तो क्षण तिला फार आवडेल. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. या वयात ते दिवसाचे 18-20 तास झोपतं, झोपमोड नको. बोटं नाचवून खेळवू नका, चावायची सवय लागते. दोरी बांधलेली काठी द्या.
चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, लगेच डॉक्टरकडे जा.

प्रश्नकर्ती: आणि लसी?

उत्तर 1: ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आत्ताच, बूस्टर 3-4 आठवड्यांनी. रेबीजची 12 आठवडे झाल्यावर. जंताचं औषध वजनानुसार, म्हणून आधी पिल्लाचं वजन करून घ्या.