‘मॅक्लिंटॉक!’ (1963): चांगली प्रत कशी ओळखायची आणि सबटायटल्स का घसरतात?

प्रश्न – पडदा_मंडळ
नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात जॉन वेन आणि मॉरीन ओहाराचा ‘मॅक्लिंटॉक!’ दाखवायचा आहे. दोन प्रती मिळाल्यात, एक चौकोनी, दुसरी रुंद. रुंद प्रतीवर मराठी सबटायटल्स सुरुवातीला नीट बसतात, पण तासाभराने अडीच मिनिटं आधीच उमटतात. घसरगुंडीवरच्या मारामारीत खरा चिखल होता का? आणि शेवटी नवरा बायकोला फावड्याने मारतो, तो प्रसंग आजच्या प्रेक्षकांपुढे कसा मांडावा?

उत्तर – रीळवाला
चौकोनी प्रत बाजूला ठेवा. चित्रपट पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत, 2.35:1 चौकटीत (रुंदी उंचीच्या 2.35 पट) चित्रित झालाय. तो जुन्या टीव्हीच्या 4:3 चौकटीत कापला की जवळजवळ 43 टक्के चित्र जातं. छायालेखक विल्यम क्लोदियरच्या कॅमेऱ्याने ॲरिझोनाची रानं आणि गावकऱ्यांचा घोळका कडेकडेपर्यंत भरलाय, आणि निम्मा विनोद त्या कडांनाच आहे. मारामारीत उतारावरून एकजण घरंगळत असतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला पुढच्याची तयारी चाललेली असते. चौकोनी प्रतीत त्यातलं एकच काहीतरी दिसतं.

वाईट प्रती इतक्या का, तर अमेरिकेत तेव्हा 28 वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे आणि ते राहून गेलं. मग ज्याला जशी मिळाली तशी त्याने विकली. वेनच्या बॅटजॅक कंपनीने ‘पटकथा अप्रकाशित आहे, तिचे हक्क आमचेच’ असा दावा लावला, पण 1998 मध्ये अपील न्यायालयात ती हरली. मूळ साहित्यावरून काढलेली पॅरामाउंटची डीव्हीडी किंवा ब्लू-रे घ्या. प्रोजेक्टरवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या. झूम केलं तर कडा पुन्हा कापल्या जातील.

उत्तर – अक्षरजुळणी
सबटायटल्स सेकंदाला 25 फ्रेमच्या पाल (युरोप-भारतातली जुनी टीव्ही-पद्धत) प्रतीवर बेतलेली आहेत. तिथे 127 मिनिटांचा चित्रपट साधारण 122 मिनिटांत संपतो. तुमची प्रत सेकंदाला 23.976 फ्रेमने, म्हणजे हळू चालते, म्हणून तासाला अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी-एच दाबून फक्त सगळी सबटायटल्स मागे-पुढे सरकतात, वाढत जाणारा फरक जात नाही. ‘सबटायटल एडिट’ या संगणक-प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून फ्रेम रेट 25 वरून 23.976 करा. मग पहिला संवाद जुळवा आणि शेवटचा तपासा. शेवटही जुळला तर मधलं सहसा जुळतंच. मध्येच उडी दिसली तर एखादा प्रसंग कापलेला आहे. फाइल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा निरर्थक अक्षरं येतील.

उत्तर – तालमीतला
चिखल साधा नव्हता. तेलविहिरी खोदताना वापरतात ती बेंटोनाइट माती पाण्यात कालवली होती. ती पाण्यात फुगते आणि बुळबुळीत होते, म्हणून माणूस उतारावरून एका झटक्यात खाली जातो. साध्या चिखलात खडे असतात, अंग सोलवटतं. पहिला ठोसा खाऊन खाली जातो तो नट लिओ गॉर्डन. ओहाराही स्वतःच घसरली आहे.

फावड्याचा प्रसंग कापू नका. तो दोनदा येतो, आधी मॅक्लिंटॉककडे कामाला असलेला डेव्हलिन त्याच्या मुलीला, बेकीला मारतो, मग सगळ्या गावासमोर मॅक्लिंटॉक (वेन) बायकोला, कॅथरीनला (ओहारा). दुसरा काढला तर पुढचा समेट आकाशातून पडल्यासारखा वाटेल. मात्र चित्रपटाआधी दोन मिनिटं बोला. कथेची बीजं शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये आहेत, ज्यावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी मराठीत ‘त्राटिका’ रचलं. बायकोला वठणीवर आणण्याचा हा विनोद आपल्या रंगभूमीवरही टाळ्या घेत होता, हे प्रेक्षकांना सांगा. आणि हा मार आहे, प्रेम नाही, हेही स्पष्ट म्हणा. कॅथरीन दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली ती नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिक दिसली म्हणून. तिची तक्रार खोटी नव्हती. ओहारा ती ज्या ताठ मानेने मांडते, त्यावर चर्चेत वेळ द्या.